विचारा बिनधास्त : गोंडस कोल्हा आणि न वाचता येणारी पुस्तिका

प्रश्न : नमस्कार. वय ४३, लहानपणी कॅसेटवाला व्हिडिओगेम भरपूर खेळलोय, मधे कैक वर्षं काहीच नाही. भाचीने तिच्या स्विचवर (निन्टेंडोचं ते गेम खेळायचं यंत्र) ट्युनिक नावाचा गेम लावून दिला, छोटासा कोल्हा, वरून दिसणारं बेट, गोड वाटला म्हणून बसलो, पण पाट्यांवरचं काही वाचताच येत नाही, भाषा बदलायला गेलो तरी ती अक्षरं तशीच, आणि वर दर पाच मिनिटांनी मरतोय. गेममध्ये बिघाड आहे की माझ्यात?
– एक मामा, सांगली

उत्तर : मामा, दोघांतही नाही. ती लिपीच बनावट आहे, या गेमसाठी तयार केलेली, आणि ती तुम्हाला वाचता येऊ नये हाच तर बेत आहे. कॅनडातल्या अँड्र्यू शोल्डाइसने जवळपास सात वर्षं खपून हा गेम केला, २०२२ मध्ये आला. लहानपणी गेमसोबतची पुस्तिका धड वाचता यायची नाही तरी चित्रं बघून आपण अंदाज बांधत बसायचो ना, ती मजा त्याला परत आणायची होती. म्हणून या गेमच्याच पुस्तिकेची पानं बेटावर विखुरलेली आहेत, एकेक गोळा करायचं.

आता खरी गोम ऐका. पान मिळालं की आपण नकाशा बघतो आणि पुढे पळतो, तसं करू नका. चित्रं, बाण, कोपऱ्यात कुणीतरी पेनाने खरडलेलं, मधेच एखादा इंग्रजी शब्द, सगळं निवांत बघा. दात, फूल असल्या वस्तू तुमच्याकडे जमल्या असतील, त्या कोल्ह्याच्या मूर्तीपाशी नाणी देऊन अर्पण केल्या की ताकद वाढते, हे गेम तोंडाने सांगतच नाही, पानावर दाखवतो! आणि काही गोष्टी तर तुमचा कोल्हा पहिल्या मिनिटापासून करू शकतो, फक्त आपल्याला माहीत नसतं. कुठल्या ते मी सांगणार नाही, रागावलात तरी चालेल. यूट्यूबवर पण बघू नका, एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही.

मरण्याचं म्हणाल तर बहुतेक तुम्ही कोलांट्या फार मारताय. तलवार कितीही फिरवा, दम लागत नाही, पण कोलांटी आणि ढाल या दोन्हीला दम खर्च होतो आणि तो संपलेला असताना फटका बसला तर जास्त लागतो. त्यामुळे एकच कोलांटी, दोन वार, मागे. औषधाची बाटली शत्रूच्या तोंडासमोर काढू नका, प्यायला वेळ लागतो तेवढ्यात तो हाणतो. मेलात तर थोडे पैसे तिथेच पडतात, परत जाऊन उचलता येतात, फार जिवाला लावून घेऊ नका. आणि रस्ता सापडत नसेल तर भिंतीच्या, झाडाच्या मागे घुसून बघा, कॅमेरा फिरत नाही त्यामुळे अर्ध्या वाटा डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. हा वात्रटपणा मुद्दाम केलेला आहे आणि मला तरी तो फार आवडतो.

एवढं करूनही एखादा दांडगा शत्रू आवरत नसेल तर सेटिंगमध्ये न मरण्याचा पर्याय आहे, खुशाल लावा, कोडी तशीच राहतात आणि गेमचा जीव तिथेच आहे, मारामारीत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, हाच गेम मागतोय, देऊ का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, रक्तबिक्त नाही, पण पुढे पुढे वातावरण बऱ्यापैकी अंधारं होतं आणि कोडी मोठ्यांनाही रडवतात. एकटा खेळला तर कंटाळून सोडून देईल. शेजारी बसून कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीपण खेळणार असाल तर द्या.