जपानी बेसबॉलपटू ओहतानीला 70 कोटी डॉलर मिळतात, पगारावर मर्यादाही नाही. मग बेसबॉलमध्ये छोटे संघ टिकतात कसे?

प्रश्नाखाली तुम्ही पुढे लिहिलंय, "मी क्रिकेटवाला. तिकडे ना लिलाव, ना पर्स. मग पैसेवाले संघ सगळे चांगले खेळाडू उचलून का नेत नाहीत?"

उचलायला ते मोकळे असावे लागतात हो. बेसबॉलमध्ये चांगला खेळाडू बाजारात येतो तोच मुळी तिशीच्या उंबरठ्यावर. त्याआधीची, म्हणजे अंगात खरा जोर असतानाची वर्षं पहिल्या मालकाकडे गहाण पडलेली असतात. त्यामुळे संघ बांधणारी माणसं पैशाचा हिशेब करतातच, पण आधी दिवसांचा करतात, मग जागांचा, आणि पैसा तिसऱ्या नंबरावर येतो.

मी 2011 पासून नॉर्थ कॅरोलिनात आहे. घरापासून वीस मिनिटांवर डरहॅम बुल्सचं मैदान. बुल्स म्हणजे टॅम्पा बे रेज या संघाची एक पायरी खालची फौज. आणि रेज म्हणजे कायम कमी पैशात संसार करणारं घर. मला हा खेळ त्या मैदानावर कळला, त्यामुळे माझं उत्तर थोडं रेजच्या बाजूनं कललेलं असणार, हे आधीच सांगून टाकतो.

आधी दिवसांचा हिशेब. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एकूण सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, तोवर नाही. त्यातली पहिली तीनेक वर्षं संघ म्हणेल तो पगार, फक्त किमान आकड्याच्या खाली जाता येत नाही. 2025 मध्ये हा किमान पगार 7 लाख 60 हजार डॉलर होता. ऐकायला भरपूर वाटतो, पण त्याच खोलीत शेजारच्या कपाटावर दोन कोटीवाला बसलेला असतो. आपल्या ऋतुराज गायकवाडचं आठवा. 2021 मध्ये 635 धावा काढून ऑरेंज कॅप घेतली, चेन्नईनं ट्रॉफी नेली, तेव्हा त्याचा भाव 20 लाख रुपये होता. पुढच्या हंगामाला त्याचे 6 कोटी झाले. बेसबॉलमध्ये ती 20 लाखांची अवस्था तीन वर्षं चालते, आणि ती अजून थोडी ताणता येईल का, याच्यावर संघाचा डोळा असतो.

ताणतात कशी, ते ख्रिस ब्रायंटच्या गोष्टीत बघा. 2015 च्या सराव सामन्यांमध्ये शिकागो कब्जच्या या पोरानं नऊ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. तरी हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला खालच्या संघात आयोवाला पाठवलं. कारण काय, तर क्षेत्ररक्षण सुधारायचंय. आता नियम असा की 172 दिवस मुख्य संघाच्या यादीत असलं की एक वर्ष धरतात, आणि हंगाम त्याहून जेमतेम 11 दिवसांनी मोठा होता. 17 एप्रिलला ब्रायंटला वर बोलावलं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले 171. क्षेत्ररक्षण बारा दिवसांत सुधारलं म्हणायचं! त्या एका दिवसानं कब्जला एक अख्खं जादा वर्ष मिळालं. खेळाडूंच्या युनियननं तक्रार केली, 2020 मध्ये निकाल संघाच्या बाजूनं लागला.

तोवर 2016 उजाडून गेलं होतं. 108 वर्षांनी कब्जनं वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली. शेवटचा चेंडू ब्रायंटकडेच घरंगळत आला. चेंडू हातात यायच्या आधीच तो हसायला लागला होता, ओल्या गवतावर पाय जरा घसरला, तरी फेक बरोबर पहिल्या बेसवर पोचली. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पगार 6 लाख 52 हजार डॉलर. 2018 मध्ये लवादाच्या पहिल्याच वर्षात तोच पगार 1 कोटी 8 लाख 50 हजारांवर गेला.

पहिली स्वस्त वर्षं सरली की मोकळं होईपर्यंतचा पगार ठरवायला असतो तो हा लवाद मला फार आवडतो. खेळाडू आपला आकडा लिहून देतो, संघ आपला. समजुतीनं मिटलं तर ठीक, नाहीतर तीन लवाद दोघांचं ऐकतात आणि दोनपैकी एक आकडा उचलतात. मधला नाही. मंडईत आपण शंभरचे साठ म्हणतो आणि ऐंशीला तोडतो, तशी सोय इथे नाही. म्हणून कुणी फार ताणत नाही. जो अवाच्या सवा आकडा लिहील, त्याचाच पडायची भीती जास्त.

ब्रायंट अखेर 2021 च्या हंगामानंतर मोकळा झाला. तिशी गाठली होती. कोलोरॅडो रॉकीजनं त्याला 7 वर्षांसाठी 18 कोटी 20 लाख डॉलर दिले. पाठीनं आणि इतर दुखण्यांनी असा धरला की पहिल्या चार हंगामांत मिळून तो 170 सामने खेळला. एका हंगामात 162 सामने असतात, म्हणजे चार वर्षांचे पैसे देऊन रॉकीजला एका वर्षाचा खेळ मिळाला. दोष ब्रायंटचा नाही, शरीर आहे. पण एकाच माणसाची स्वस्त वर्षं कोणी खाल्ली आणि महाग वर्षं कोणाच्या गळ्यात पडली, ते बघा. पैसेवाले संघ बाजारात जे विकत घेतात ते बहुतेक वेळा हेच असतं: झालेल्या कामगिरीचा मोबदला, आणि तोही दुसऱ्याकडे झालेल्या.

सहा वर्षं हा आकडा आला कुठून, हे जाता जाता सांगतो, कारण त्यात गंमत आहे. 1975 पर्यंत खेळाडू जन्मभर एकाच मालकाचा असायचा. त्या डिसेंबरमध्ये लवादानं ती बेडी तोडली. मालक हवालदिल झाले. ओकलंडचा चार्ली फिनली हा एकटाच मालक म्हणाला, दरवर्षी सगळ्यांनाच मोकळं करा. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. युनियनचा प्रमुख मार्विन मिलर मात्र मनातून घाबरला होता, कारण सगळेच एकदम बाजारात आले तर भाव पडणार. कांद्याचं गणित. मिलरनं सहा वर्षांची अट मान्य केली ती काही नाइलाजानं नव्हे. दरवर्षी थोडेच खेळाडू सुटतील आणि त्यांच्यासाठी झोंबाझोंबी होईल, हे त्याला हवंच होतं. आजचे 70 कोटी त्याच टंचाईचे.

मग छोट्या संघानं करायचं काय? एक तर पोरगा पिकायच्या आधी सौदा करायचा. रेजनं 2008 मध्ये एव्हन लोंगोरियाला पदार्पणानंतर आठवड्याच्या आतच 6 वर्षांच्या करारावर सही करायला लावली. 1 कोटी 75 लाख डॉलर, आणि पुढची काही वर्षं ठेवायचं की सोडायचं हे ठरवण्याचा हक्क संघाकडे. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि रेज पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजला गेले. अटलांटा ब्रेव्ह्जनं हेच 2019 मध्ये केलं. रोनाल्ड अकुन्याला 8 वर्षांसाठी 10 कोटी आणि ऑझी अल्बीजला 7 वर्षांसाठी फक्त साडेतीन कोटी. अल्बीजच्या सौद्यावर तेव्हा पत्रकारसुद्धा चिडले होते, इतका तो स्वस्त होता. पण क्युरासाओसारख्या छोट्या बेटावरून आलेल्या 22 वर्षांच्या पोराला उद्या गुडघा गेला तर काय, हा प्रश्न पडतो आणि तो सही करतो. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. साडेतीन कोटीत घरच्यांची ददात कायमची मिटते. त्याच्यावरची कमाई फक्त चैनीची असते, विवंचना मिटवणारी नसते. संघ नेमकी ही गोष्ट ओळखून असतो, आणि इथेच मला हा धंदा थोडा कसायाचा वाटतो.

आता जागा. मुख्य संघात 26, आणि करारावर धरलेले एकूण 40. या 40 च्या यादीला सोन्याचा भाव आहे, कारण चार-पाच वर्षं खालच्या संघांत काढलेला पोरगा त्या यादीत घेतला नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा कुणीही त्याला एक लाख डॉलर टाकून उचलू शकतो. योहान सांताना असाच ह्यूस्टनच्या हातून गेला, आणि पुढे मिनेसोटासाठी दोनदा लीगचा सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) झाला. म्हणून ज्यांच्याकडे चांगली पोरं जास्त, त्यांना दर नोव्हेंबरात पोटात गोळा येतो.

40 मधल्या खेळाडूला तीन हंगाम वर-खाली हलवता येतं. त्याला ऑप्शन म्हणतात. ऑप्शन संपले की खाली पाठवताना तो आधी बाकी सगळ्या संघांसमोर ठेवावा लागतो, आणि त्यांतला कुणीही त्याला उचलू शकतो. त्यामुळे दोन सारख्या पिचरमधला ऑप्शन शिल्लक असलेला संघाच्या दृष्टीनं जास्त मोलाचा, मग भले तो जरा कमी चांगला असेना. क्रिकेटमध्ये याला जोड नाही.

डरहॅमला हे डोळ्यांसमोर घडतं. मंगळवारची संध्याकाळ, डाव्या बाजूला तो लाकडी बैल, होमरन झाला की नाकातून धूर सोडणारा. पाचव्या इनिंगला एक कोच बाहेर बसलेल्या पिचरकडे गेला, कानाशी काहीतरी बोलला, मग आजूबाजूच्या चौघांनी पोराला मिठ्या मारल्या. त्यानं ग्लोव्ह उचलला आणि चालू सामन्यात मान खाली घालून आत गेला. मला वाटलं दुखापत झाली. शेजारचे आजोबा, जे पेन्सिलीनं अख्खा सामना वहीत उतरवतात, म्हणाले, "मिठी मारली म्हणजे गेला वर." गुरुवारी मी टीव्ही लावला तर पोरगा फ्लोरिडात रेजकडून टाकत होता. दोन इनिंग टाकल्या, हात थकला, शनिवारी परत डरहॅमला. त्याच्या जागी ताज्या हाताचा दुसरा वर. 2022 पासून एका खेळाडूला एका हंगामात पाचदाच खाली पाठवता येतं, आधी ती मर्यादाही नव्हती. वर असतानाचा किमान पगार दिवसाला चारेक हजार डॉलर पडतो. डरहॅमच्या पायरीवर, 40 च्या बाहेर असलेल्याला, 2023 च्या करारानुसार वर्षाचे किमान 35,800. म्हणजे वर नऊ दिवस काढले की खालच्या अख्ख्या वर्षाची कमाई. त्या मिठ्यांमागे हे गणित असतं.

दुसरा उपाय रेजचा खास: माल पिकला की विकायचा, गळायची वाट बघायची नाही. 2003 मध्ये नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत त्यांनी सगळ्यात पहिला क्रमांक वापरून डेल्मन यंगला घेतलं. 2007 मध्ये त्याला मिनेसोटाला देऊन मॅट गार्झाला आणलं. गार्झानं रेजच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नाही. 2011 च्या जानेवारीत गार्झा शिकागोला, बदल्यात आलेल्या पोरांत क्रिस आर्चर. त्याला मी 2012 मध्ये डरहॅमला बघितलंय, उंच, टाकताना हनुवटी वर. 2018 मध्ये आर्चर पिट्सबर्गला, आणि तिकडून टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि मागाहून शेन बाझ. त्या व्यवहाराबद्दल पिट्सबर्गचे लोक अजून सुतकात आहेत. 2023 च्या डिसेंबरमध्ये ग्लासनोचं एक वर्ष उरलेलं असताना तो डॉजर्सकडे, बदल्यात रायन पेपियो. एका पोराच्या निवडीवर वीस वर्षं व्याज खाल्लं. यंगनंतर प्रत्येक वेळी देताना त्यांनी उरलेली थोडी वर्षं दिली आणि घेताना त्याहून जास्त, स्वस्त वर्षं घेतली.

याची दुसरी बाजूही आहे. मैदानावर जर्सी विकत घ्यायची म्हटली की मुलगा विचारतो, हा पुढच्या वर्षी असेल का? आर्चरची जर्सी माळ्यावर आहे, ग्लासनोची फरशी पुसायला गेली.

ओहतानीचं राहिलं. 70 कोटी खरे, पण दहा वर्षं त्याला डॉजर्सकडून दरसाल फक्त 20 लाख मिळतात. उरलेले 68 कोटी 2034 ते 2043 मध्ये, बिनव्याजी. मर्यादा नाही म्हणतात, तरी एका ठराविक आकड्याच्या (2025 मध्ये 24 कोटी 10 लाख) वर पगार गेला की संघाला कर बसतो, सलग वर्षं ओलांडला तर वाढत जाणारा. आज न दिलेल्या पैशाची किंमत कमी धरतात, म्हणून ओहतानीचा वर्षाचा भार करासाठी 7 कोटी न धरता सुमारे 4 कोटी 60 लाख धरला जातो. ही युक्ती डॉजर्सला जमते, कारण तो माणूस जपानी जाहिरातींतून स्वतःचा खर्च भागवतो. ब्रायंटला 20 लाखांवर दहा वर्षं काढायला कुणी सांगितलं असतं तर?

आणि "टिकतात" म्हणजे काय ते ठरवून घ्या. 2023 मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं नुसता कर 10 कोटींच्या वर भरला आणि 75 सामने जिंकले, रेजनं 99. पण रेज दोनदा अंतिम फेरीत जाऊन दोन्ही वेळा हरलेत, आणि 2024 आणि 2025 ची ट्रॉफी डॉजर्सच्या कपाटात आहे. स्वस्त वर्षं नीट जपणारा संघ पैसेवालाही असला, तर त्याला अडवायला माझ्या रेजकडे उत्तर नाही.

आजोबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती यंगपासूनची नावं एकाखाली एक लिहिलेली आहेत. पेपियोच्या खाली त्यांनी एक ओळ मोकळी सोडलीय.