तापीवर पहिल्यांदा गळ टाकताना

भाऊ, महागडा रॉड सध्या राहू दे. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, बारीक गळ पुरे. खरी मेहनत आमिषावर घे. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची ढेप कुटून घाल, पाणी बेताचंच. गोळा बोटांना चिकटायला नको, पण पाण्यात पडताच विरघळायलाही नको. तरंग, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता तुकडा, नुसता थरथरला तर हात आवर, बारकी मासळी कुरतडतेय. आडवा सरकत बुडाला की मनगटाने हिसका. मरळ हवी तर गवताच्या काठाला बेडकी लाव. धरणावर मासेमारीचा ठेका कोणाचा, ते आधी विचार. आणि पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की खालच्या पात्रात पाऊलही टाकू नको. तसेही ते अंडी घालायचे दिवस. गाभोळीची मादी लागलीच तर सोडून दे.