गळवाल्यांचे प्रश्न: बेटकास्टिंग रीलला रॉड कोणता घ्यायचा?

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, गळ लहानपणापासून टाकतो पण आधी बांबूची काठी अन् नंतर साधा स्पिनिंग रॉड, त्याच्या पुढे कधी गेलो नाही. मुलगा डॅलसला असतो, त्यानं यावेळी येताना बेटकास्टिंग रील आणली, तिच्यावर ७.३:१ लिहिलं आहे. ती मी माझ्या ६ फुटी स्पिनिंग रॉडला लावली तर पहिल्याच फेकीत लाईनचा असा गुंता झाला की कापावीच लागली. काहून होते असं? मार्चमध्ये आम्ही तिकडे जाणार, तिथे बास मासा धरायचा आहे, आणि परत आल्यावर इथे मरळीसाठी तोच रॉड चालला तर बरं. दुकानात मीडियम, मीडियम हेवी, फास्ट असं काय काय लिहिलेले रॉड दाखवतात, त्यातलं मला काही समजत नाही.

उत्तर: भाऊ, पहिले तो स्पिनिंग रॉड त्या रीलपासून सोडवा, त्याचं अन् हिचं जमणारच नाही. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, तिचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली असते तो भाग, फेकताना फिरत नाही, लाईन त्याच्यावरून वेटोळे घेत सुटते म्हणून त्या रॉडची पहिली कडी एवढी मोठी असते. तुमची रील वर बसते आणि फेकताना तिचा स्पूलच गरागरा फिरतो, लाईन सरळ निघते, त्यामुळे कास्टिंग रॉडच्या कड्या लहान असतात आणि जास्त असतात, नाहीतर मासा लागून रॉड वाकला की लाईन रॉडच्या अंगाला घासते. मुठीखाली बोट अडकवायला एक आकडा असतो, दुकानात तो बघूनच कास्टिंग रॉड ओळखता येतो.

आता रॉड कोणता. बहुतेक जण रील हातात घेऊन दुकानात जातात आणि दिसायला कोणता शोभतो ते बघतात. माझं म्हणणं आहे की तुम्ही फेकणार काय आहात तिथून सुरुवात करा, त्यावरून रॉड ठरतो, आणि रील त्या रॉडला साजेशी हवी. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, लाईन १२ ते २० पाउंड, ल्युअर (खोटं आमिष) पाव ते १ औंस, असं काहीतरी, म्हणजे ७ ते २८ ग्रॅमचा ल्युअर. हे दोन आकडे तुमच्यासाठी रॉडच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहेत! बेटकास्टिंगमध्ये ल्युअरचं वजनच स्पूलला ओढून फिरवतं, ३-४ ग्रॅमचा हलका ल्युअर लावला तर तो पुढे जाऊन थबकतो, स्पूल मात्र फिरतच राहतो, आणि आतल्या आत लाईनचं जाळं होतं. तुमचा गुंता बहुतेक असाच झाला असणार, त्यात रॉडही चुकीचा. फार हलकं काही फेकायचं असेल तर ते स्पिनिंगवरच राहू द्या, तिथे ते छान जमतं.

मीडियम, मीडियम हेवी, हेवी म्हणजे रॉडमध्ये जोर किती, आणि फास्ट किंवा मॉडरेट म्हणजे तो वाकतो कुठून. फास्ट रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो त्यामुळे झटका दिला की जोर लगेच गळाच्या आकड्यापर्यंत पोचतो, मॉडरेट मधूनच वाकतो. बासला रबरी किडा लावतात तेव्हा आकड्याचं टोक रबरात लपवलेलं असतं, ते रबर फोडून जबड्यात घुसायला फास्ट अन् दणकट रॉड लागतो. उलट क्रँकबेट म्हणजे पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ असलेला लाकडी नाहीतर प्लास्टिकचा मासा, तिथे ताठ रॉडनं झटका दिला तर ते बारीक काटे तोंडातून निसटतात, म्हणून मॉडरेट बरा, आणि रीलही ५ किंवा ६ च्या गिअरची, हळू ओढणारी. तुमची ७.३:१ म्हणजे हँडलचा एक फेरा मारला की स्पूलचे ७.३ फेरे, ही जलद रील आहे, बेडूक (म्हणजे पाण्यावर तरंगणारा खोटा बेडूक), जिग (वजन लावलेला गळ), रबरी किडा यांच्यासाठी मस्त, कारण तिथे काम रॉडनं करायचं असतं आणि रीलनं फक्त ढिली लाईन पटकन गोळा करायची असते. क्रँकबेटही चालेल पण हात आवरून हळू फिरवावं लागेल.

तर तुमच्यासाठी ७ फुटी, मीडियम हेवी, फास्ट, कास्टिंग रॉड, दोन तुकड्यांचा, कारण ७ फुटांचा एकसंध रॉड विमानात नेणं फार त्रासाचं. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे, मोठ्या लार्जमाउथ बाससाठी नावाजलेला, मुलगा तुम्हाला तिथे नेईलच. मार्चमध्ये बास अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. टेक्सासमध्ये मोठ्या माणसाला मासेमारीचं लायसन्स लागतं, ते आधी काढा. लाईन तिथे १५ पाउंडाची फ्लोरोकार्बन भरा, ती बुडते, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या बेडकाला ती नको. परत आल्यावर तीच काढून ४० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, भरा, शेवाळातून मरळ ओढून काढायला ती लागते. मरळ बेडकावर तुटून पडते तेव्हा लगेच झटका देऊ नका, बेडूक पाण्याखाली जाऊ द्या, लाईन ताणली की मग द्या.

फेकायच्या आधी एवढं करा. ल्युअर शेंड्यापर्यंत गुंडाळून अंगठ्याचं बटण दाबा, तो हळूहळू खाली आला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल थांबला पाहिजे, नाही थांबला तर हँडलजवळची गोल चकती थोडी कसा. ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा, अंगठा स्पूलवर हलका टेकवून ठेवा आणि ल्युअर पाण्याला टेकायच्या क्षणी दाबा. हात बसला की ब्रेक कमी करत चला. घराजवळच्या मैदानात आधी सराव करा, आकडे काढून, नुसतं वजन लावून.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. पावसाळ्यात मरळ लालसर पिल्लांचा थवा घेऊन फिरते, नर-मादी दोघंही राखण करतात, त्या थव्यावर बेडूक टाकला तर ती नक्की धरते, पण त्या मरळीला काढलं की पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात. तिथे टाकू नका. तलाव बहुतेक मासेमारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात तेव्हा आधी विचारून जा, आणि तोतलाडोहकडे जाऊच नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे.

प्रश्न: मी डावखुरी आहे, दिघोरीला राहते. बेटकास्टिंग रीलचं हँडल दुसऱ्या बाजूला लावता येतं का?

उत्तर: नाही ताई, स्पिनिंग रीलचं बदलता येतं, हिचं नाही, ही विकत घेतानाच उजव्या नाहीतर डाव्या हँडलची घ्यावी लागते. तुम्ही डाव्या हातानं फेकणार असाल तर रॉड डाव्याच हातात ठेवून उजव्या हँडलची रील घ्या, मग फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. उजव्या हँडलच्या रील दुकानात सहज मिळतात, त्यामुळे तुमचं काम उलट सोपंच आहे. रॉडला डावा-उजवा असा फरक नसतो.