कार-ट्रक अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीची तडजोड लोकअदालतीत स्वीकारावी का?

उपचारांचा खर्च निघेल एवढी रक्कम कंपनी देऊ करते आहे आणि घरातले ‘घेऊन टाका’ म्हणत आहेत, असे तुम्ही वडिलांच्या दाव्याबद्दल लिहिले आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे मलाही ऐकवण्यात आले होते. ऐकवणारे माझे थोरले दीर होते आणि अपघाताच्या रात्री कारही तेच चालवत होते.

महामार्गावर मागचे दिवे बंद ठेवून उभ्या केलेल्या ट्रकवर आमची कार मागून आदळली. मी दिरांच्या शेजारच्या सीटवर होते. उजवे मनगट मोडले, प्लेट बसवावी लागली आणि अंगठा व तर्जनी यांच्या पकडीतला जोर गेला. मी शिवणकाम करणारी बाई. कात्री धरता येईना, म्हणजे कामच बंद पडले. अपंगत्वाच्या दाखल्यावर मात्र 20 टक्के लिहिले होते. ट्रकच्या विमा कंपनीने त्याच आकड्यावर हिशेब मांडला, वर कारचालकाचीही चूक आहे म्हणून निम्मी रक्कम कापली आणि उरलेल्या रकमेवर तडजोड करा म्हणून सांगितले. दीर म्हणाले, सही करून मोकळी हो.

मी सही केली नाही, कारण दोन्ही मुद्दे टिकणारे नव्हते. दाखल्यावरील टक्केवारी म्हणजे कमाईच्या क्षमतेतील घट नव्हे, ती घट जखमी व्यक्तीचा व्यवसाय पाहून ठरवायची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय दोन चालकांच्या निष्काळजीपणामुळे प्रवासी जखमी झाला, तर त्याला संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागता येते; आपापसातली वाटणी त्यांची त्यांनी पाहावी.

उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी मला कागदावर सही करायला लावली आणि हात चालतो, असे नोंदवून घेतले. पुढे दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले, तेव्हा पेन धरायला लागणारा जोर आणि जाड कापडावर कात्री चालवायला लागणारा जोर यांतला फरक त्यांनी शांतपणे समजावून सांगितला, आणि न्यायाधिकरणाने कमाईतील घट दाखल्याच्या दुपटीहून अधिक धरली. निकालात दिरांचीही काही अंशी चूक नोंदली गेली, पण त्यापोटी माझ्या रकमेतून एक रुपयाही कापला गेला नाही. दीर अजूनही लग्नकार्यात सांगत असतात की सगळे पैसे वकिलानेच खाल्ले. वकिलाची फी मी दिली आहे, त्यांनी नव्हे.

वडील स्वतः कार चालवत होते की नुसते बसले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते चालवत असतील आणि त्यांची चूक निघाली, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होईल, हे धरून चाला. जखम पूर्ण बरी झाली असेल आणि कामावर परिणाम झाला नसेल, तर लोकअदालतीला माझा विरोध नाही. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे पुढे प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागणार असेल, तर तिचा खर्च डॉक्टरांकडून लेखी घेऊन आधीच मागणीत घाला. आणि घरातले जे कोणी सहीची घाई करत आहेत, त्यांच्यापैकी कोणी त्या दिवशी स्टिअरिंगवर होते का, हेही पाहून घ्या.