वेबकॉमिक: ही, हा की हे?

प्रश्न असा आलाय: "कॉमिक्सच्या वाटेला कधी गेले नव्हते, आता भाचीमुळे वेबकॉमिक वाचायला लागलेय. मैत्रिणींना सुचवताना अडतं. 'ही वेबकॉमिक वाच' म्हणू की 'हे'? आणि सरळ व्यंगचित्र म्हटलं तर चालेल का?"

वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवर वाचायचं कॉमिक, त्याला 'हे' म्हणा. पुस्तक, मासिक, कार्टून सगळी नपुंसकलिंगी मंडळी, त्यांच्याच पंगतीत कॉमिक बसलंय. 'ही' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक 'स्ट्रिप' नाहीतर 'सिरीज' असते. आणि "एक कॉमिक्स दे ना" असं आपण लहानपणी म्हणायचो त्यालाही मी चूक म्हणणार नाही, अंकावरच 'इंद्रजाल कॉमिक्स' छापलेलं असायचं, तो शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे हे त्यातला वेताळ (फँटम) वाचताना कुणाला सुचणार!

व्यंगचित्राचं मात्र जपून. माझ्या सदाशिव पेठेतल्या आत्याला मी उत्साहाने म्हटलं, "मोबाईलवर छान व्यंगचित्रं असतात, पाठवते", तर तिचा पहिला प्रश्न, "कुणावर टीका आहे?" तिचं काय चुकलं, त्या शब्दात 'व्यंग' आहे ना, कुणाचं तरी काहीतरी काढलेलं असणार असंच वाटतं. शि. द. फडणीसांच्या निर्मळ, बिनशब्दांच्या चित्रांना 'हास्यचित्रं' म्हणतात ते उगीच नाही. पण हास्यचित्रही इथे पुरत नाही, कारण कितीतरी वेबकॉमिक्स हसवायला जातच नाहीत.

मग मी काय करते, तर सुचवायची गोष्ट बघून शब्द निवडते. रोज तीन-चार चौकटी आणि तीच पात्रं असतील तर 'चित्रमालिका', पुणेकरांना समजावायला "चिंटूसारखं" एवढं बास होतं (चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 'सकाळ'मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ ला आला, म्हणजे अख्खी पिढी त्यावर वाढलीय). लांबलचक गोष्ट असेल तर 'चित्रकथा'. हा शब्द अमर चित्र कथेमुळे (१९६७पासून) जरा पौराणिक वाटतो हे खरं, पण त्याची मुळं भारी आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्ट्या चित्रांची पोथी घेऊन बसतात, एकेक चित्र पुढे करत गाऊन गोष्ट सांगतात. पुण्यात बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात चित्रकथी परंपरेतली चित्रं आहेत, ती बघून या आणि मग कोरियन वेबटून (मोबाईलवर वाचायचं कॉमिक) उघडा. तिथे पानं नाहीतच, बोटाने वर सरकवत राहायचं, एक चित्र गेलं की पुढचं येतं, दोन चित्रांमध्ये मुद्दाम लांब मोकळी जागा सोडून धाकधूक वाढवतात. गाणारा तेवढा नाही! आत्याने त्याला 'सरकपट्टी' नाव ठेवलंय, मला तर आवडलं.

'जालचित्रकथा' असाही एक शब्द बनवता येईल, आंतरजालातलं जाल घेऊन. पण बोलताना ल चा ळ झाला की संपलं, जाळ लागल्यासारखं वाटतं. राहू दे, 'वेबकॉमिक' सगळ्यांना कळतं.

कुठली सुचवू म्हणाल तर नवख्या माणसासाठी दोनच. रँडल मन्रोचं एक्सकेसीडी (xkcd), २००५ पासून चालू, नुसती काडीमाणसं, विज्ञान-गणिताचे विनोद, काही डोक्यावरून जातात ते खुशाल सोडून द्यायचे. कॉम्प्युटरवर माउस चित्रावर नेऊन थांबलात की आणखी एक ओळ दिसते, अर्धी मजा तिथे असते आणि नवे लोक नेमके तेच चुकवतात. दुसरं आपल्याकडचं, रचिता तनेजांचं सॅनिटरी पॅनल्स, तिथेही काडीमाणसंच पण राजकारणावर थेट बोलतात, म्हणजे हे वेबकॉमिकही आहे आणि अस्सल व्यंगचित्रही, आत्याचा प्रश्न इथे बरोबर लागू पडतो.

आणि हो, मैत्रिणीला लिहिताना 'शिफारस करते' नका लिहू, ती नोकरीला किंवा ॲडमिशनला करतात. "हे वाचून बघ गं" म्हणा आणि लिंक पाठवा.