शहर आणि नागरिकत्व शिकवताना सुरुवात कुठून करावी?
पहिल्याच तासाला नागरिकत्वाची व्याख्या फळ्यावर लिहू नका. आधी शाळेभोवतीचा परिसर मुलांच्या हातात द्या. १:५००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, म्हणून चारही बाजूंचा अर्धा किलोमीटर २० सेंटिमीटरच्या चौकोनात मावतो.

चार-चार मुलांच्या गटाला एकच प्रश्न द्या: चाकाच्या खुर्चीवरून शाळेपर्यंत येता येईल का? परिसरात फेरी मारताना अडथळा दिसला की नकाशावर खूण करायची आणि शेजारी तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, ते लिहायचं. भूगोल आणि नागरिकत्व इथेच जुळतात, म्हणून ही दुसरी नोंद अजिबात गाळू नका.

नवीन शिक्षक हमखास चुकतात ते इथे:

- एकाच फेरीत वाहतूक, कचरा, पाणी सगळं कोंबतात. मग मुलं नुसत्या याद्या करतात.
- फेरीनंतर चर्चेवरच थांबतात. संबंधित कार्यालयाला नकाशासह पत्र लिहून घ्याच.

संगणकीय नकाशे सध्या बाजूला ठेवा.