वाचक विचारतात : धुळ्याहून एका दिवसात वायनरी आणि द्राक्षगाव

प्रश्न : आम्ही धुळ्याचे आठ जण. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन एका दिवसात नाशिकच्या तीन वायनरी आणि द्राक्षाचं एखादं गाव पाहायचं आहे. जमेल का?

उत्तर : वायनरी दोनच धरा, आणि मे सोडा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (वेल नव्याने वाढावा म्हणूनची छाटणी) मे महिन्यात वेलीवर नुसता नवा पाला असतो, घड नसतो. घड धरण्यासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार सोडून कुठलाही वार उत्तम. २६ जानेवारीची सुट्टी पाहून बेत आखू नका; तो ड्राय डे. मुलांचं म्हणाल तर २१ वर्षांखालच्यांना वाइन चाखायला देत नाहीत, आणि टाक्या बघून ती अर्ध्या तासात कंटाळतात.

पहाटे पाचला निघा. मालेगाव, राहुड घाट, चांदवड करत आठच्या सुमारास पिंपळगाव बसवंत गाठा. गाव आधी, वायनरी मागून, कारण तोडणी गारव्यातच होते. उन्हात तापलेला माल क्रेटमध्येच फुटून आंबू लागतो, म्हणून ऊन चढलं की बागेत सहसा तोडणी नसते. बागायतदाराशी आधी फोनवर बोला आणि वाण विचारा. थॉमसन हे खायचं द्राक्ष. वाइनचं शिराझ बारीक मण्याचं, जाड सालीचं, बियांचं, आणि गोडीला खायच्या द्राक्षापेक्षा सरस. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय मणी तोंडात टाकू नका. ऑक्टोबरात गेलात तर छाटलेल्या काड्यांना हात लावू नका. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. ते अंगात गेलं आणि वर दारू पडली, तर चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात. वाइनच्या सहलीत याहून वाईट जोडी नाही.

अकराला पहिली वायनरी. गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींपासून फार लांब नाहीत. एक मोठी, एक छोटी घ्या: मोठीत यंत्रं दिसतात, छोटीत प्रश्नांना उत्तरं मिळतात. आठ जण ही संख्या नेमकी आहे; टाक्यांच्या हॉलमध्ये कूलिंग आणि पंपाच्या आवाजात दहाच्या पुढच्यांना काही ऐकू जात नाही. आंबवण चालू असलेल्या उघड्या टाकीवर वाकू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, क्षणात घेरी येते. जेवण करून अडीचला दुसरी वायनरी, पाचला परतीची वाट. दोन्हीकडचं बुकिंग आधीच करा.

प्रश्न : थोडंथोडं चाखल्याने चढते का? गाडी आमच्यातलाच एक जण चालवणार आहे.

उत्तर : चढते. एका वेळी साधारण ३० मिली, पाच प्रकार म्हणजे १५० मिली. दोन वायनरींत मिळून ३०० मिली. १३ टक्क्यांच्या हिशेबाने हे ६ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिली बाटलीइतकं अल्कोहोल झालं. चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. १०० मिली रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ड्रायव्हरसह क्रुझर जीप ठरवा, स्वस्त पडेल. बाकीच्यांनी चाखून थुंकलं तरी चालतं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. क्रम पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, गोड शेवटी. उलट केलं तर पांढरी पाण्यासारखी लागते.

प्रश्न : जळगावहून हे जमेल का?

उत्तर : रस्त्याने जवळपास २५० किलोमीटर, दिवस गाडीतच जाईल. पहाटेच्या रेल्वेने नाशिक रोडला उतरा, तिथून गाडी करा, आणि गाव वगळा.

प्रश्न : आम्ही नवापूरचे. बाटल्या घरी आणताना काय जपायचं?

उत्तर : आधी रस्ता. सापुतारा-आहवा मार्ग गुजरातेतून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. सोबत बाटली असेल तर सटाणा-साक्री करून या. नवापूर स्टेशनचा तर अर्धा फलाटच गुजरातेत, तेव्हा रेल्वेचा विचारही नको. बिलं जवळ ठेवा. बाटल्या तापू देऊ नका; उन्हात उभ्या गाडीत वाइन तापून बुच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. थर्माकोलच्या पेटीत, सीटखाली ठेवा. घरी आल्यावर बुचाची बाटली आडवी. फिरकीच्या झाकणाची उभी असली तरी चालेल. शेवभाजीसोबत लाल वाइन उघडू नका, तिखट आणखी झोंबेल; थोडी गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन थंड करून घ्या.